झुकतं माप

यंदा होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या शेडमधलं लोखंड तापायला लागलं. सोलापूरचा उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. तो आधी पत्र्यावर येतो, मग गच्चीवर, मग नळाच्या पाण्यात आणि शेवटी माणसांच्या बोलण्यात. दुपारी कुणी साधं "काय चाललंय?" विचारलं तरी आपण वसकन अंगावर जातो. परवा मी मागच्या दारात पाट टाकून मिरच्यांची देठं काढत बसले होते. समोर शेडचं दार उघडं होतं. तापलेला पत्रा मधूनच कट्‌ करून वाजत होता, आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू येत होते. हे दोन आवाज एकत्र कानावर पडले की मला तो एक उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, शेजारी येऊन बसतो आणि लवकर उठत नाही.

आमच्या घरी मिलिंग मशीन आहे. हे सांगितलं की माझ्या मैंदर्गीच्या बहिणी अजून विचारतात, "पिठाचं का गं?" सुरुवातीला मी समजावून सांगायची, की बायांनो, यात ज्वारी घालत नाहीत, लोखंड घालतात. फिरतं कटर लोखंड खरवडून त्याला सपाट करतं, खाच पाडतं. मग कंटाळा आला. आता विचारलं की मी "हो, पिठाचं" म्हणते. एकदा धाकटी खरंच डाळ घेऊन आली होती.

मशीन लहानच आहे. आमच्या यांनी ते एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून उचलून आणलं, श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाल्याच्या वर्षी. हे तिथं वर्कशॉपमध्ये फोरमन होते. निवृत्त झालेली माणसं देवळात जातात, बागेत जातात, सकाळी हसण्याच्या क्लबात जातात. हे शेडमध्ये गेले. कुणाच्या शिलाई मशीनचा तुटलेला पाय, कुणाच्या चरकाचं झिजलेलं चाक, कुणाच्या गेटची कडी असली कामं येत राहायची आणि हे दिवसभर करत राहायचे. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. संध्याकाळी घरी यायची तेव्हा यांच्या अंगाला तेलाचा वास यायचा आणि चेहरा खूश असायचा. मला तेवढं पुरत होतं.

या मशीनला एक डोकं असतं. म्हणजे तसंच म्हणतात, डोकं. मागं एक उभा खांब, त्याच्यावर पुढं आलेला एक अवजड भाग, त्याच्यात मोटार आणि खाली कटर. बाजूचं चाक फिरवलं की हे डोकं खांबावरून वर जातं किंवा खाली येतं. वर जाताना जीव काढतं. खाली येताना मात्र स्वतःच्या वजनानं धसकन बसतं आणि काम बिघडवतं. यांनी मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या शाळेतल्या हेडचंही अगदी असंच आहे. वर चढवायला सगळा स्टाफ लागतो आणि उतरले की कुणाच्या तरी टाळक्यावर. हे इतके हसले की चहा सांडला. तेव्हापासून आमच्या घरात त्या भागाला "हेडमास्तर" म्हणतात.

त्या उन्हाळ्याच्या आधी, जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेचा आठवडा होता. दिवाणखान्यातली ट्यूब बदलायला हे स्टुलावर चढले आणि स्टूल एकीकडं, हे एकीकडं झाले. उजवा खांदा गेला. हाड मोडलं असतं तर बरं, असं डॉक्टरच म्हणाले, कारण हाड सांधतं. आतला स्नायू फाटला होता. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जोर लावायचा नाही, ओझं उचलायचं नाही. ऑपरेशन करायचं म्हटलं तर साखर आडवी येत होती. साखर कारखान्यात जन्म काढला, तिथली साखर अशी अंगात घेऊन आले, हा माझा जुना टोमणा. त्या दिवशी दवाखान्यात मी तो मारला आणि हे हसले नाहीत.

खरं सांगायचं तर मला खांद्याची काळजी वाटत होती त्यापेक्षा जास्त त्या न हसण्याची वाटत होती. हे बोलायचे बंद झाले. रागानं गप्प बसणारा माणूस परवडला, त्याला डिवचता तरी येतं. हे नुसते बसून राहायचे. पेपर उलटा धरला तरी यांना कळलं नसतं. शेडमध्ये जायचे, उजव्या हाताऐवजी डाव्या हातानं ते चाक फिरवून बघायचे, डोकं बोटभरसुद्धा वर यायचं नाही. मग कापड मारून परत यायचे. रोज एकदा कापड मारायचं, एवढंच काम उरलं होतं.

याच दिवसांत महेशचा, म्हणजे आमच्या मुलाचा, फोन सुरू झाला. तो पुण्यात असतो. "आई, आता तिथं काय आहे? बाबांचा हात असा. तुझी शाळाही संपली. मशीन विकून टाका आणि इकडं या. लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे." त्यानं आमच्यासाठी खोली रंगवूनसुद्धा घेतली होती. नात, सान्वी, जूनमध्ये पहिलीत जाणार होती. ती व्हिडिओवर तोंड अगदी जवळ आणून विचारायची, "आजी, तू मला बसपर्यंत सोडायला येशील ना?" मला तिची फक्त एक नाकपुडी दिसायची. त्या नाकपुडीला मी काय नाही म्हणणार? मला जायचं होतं. आजही सांगते, मला मनापासून जायचं होतं. सोलापूरचं ऊन, आठवड्यातून एकदा येणारं पाणी, उभं आयुष्य घागरी भरण्यात गेलेलं. म्हातारपणी तरी नळ सोडला की पाणी यावं, एवढी माझी इच्छा. ती काही फार मोठी नव्हे.

हेही तयार झाले. म्हणजे "नाही" म्हणाले नाहीत. "मशीन गेलं की जाऊ," म्हणाले. फक्त हातात घेतलेली थोडी कामं पुरी करून द्यायची होती. उन्हाळा लागत होता, कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याच्या चरकाचं चाक यांच्याकडं पडलं होतं. त्याचा धंदाच त्या चार महिन्यांचा. शब्द दिला होता, तो मोडायचा नव्हता. आणि डोकं तर वर जात नव्हतं.

उपाय यांनीच काढला. मोहोळच्या शेतातल्या विहिरीवरची जुनी कप्पी दिराकडून मागवली, शेडच्या आडव्या लोखंडी बारला टांगली. त्यावरून नायलॉनचा दोर. दोराचं एक टोक मशीनच्या डोक्याला.

"आन्‌ दुसरं टोक?" मी विचारलं.

"तुझ्या हातात."

"माझ्या?"

"मग कुणाच्या? तू वड, मी डाव्या हातानं चाक फिरवतो. तुला जमतंय की. घागरी वडल्यात जन्मभर."

अशी मी आमच्या हेडमास्तरांना वर ओढायच्या कामाला लागले. नोकरीत जे केलं तेच निवृत्तीत.

आता त्या दुपारी आठवतात त्या अशा. कूलर शेडच्या दारात आणून ठेवलेला, त्यातल्या वाळ्याचा वास आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला. पत्र्याच्या एका भोकातून उन्हाची कांडी जमिनीवर पडलेली आणि ती हळूहळू सरकत माझ्या पायापर्यंत यायची. हे म्हणायचे, "वड." मी ओढायची. "थांब." मी थांबायची. "सोड... सोड... अगं, हळू की! धसकन सोडू नगंस." मी चिडायची, "मी काय बैल आहे का नुसतं हां-हूं ऐकायला? नीट सांगा ना, किती सोडू?" मग हे खरंच समजावून सांगायचे. चाकाच्या आतल्या स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते, डोकं जड असल्यामुळं ते त्या ढिलाईत खाली बसतं, आणि कटर लोखंडात नको तितकं घुसतं. म्हणून दोर ताणलेला पाहिजे, पण उचललेला नको. आधी मला वाटलं, हे काय बारीक काम आहे, दोर धरायचं. आठवड्याभरात हाताला कळायला लागलं. डोकं कधी माझ्याकडं आलंय आणि कधी त्यांच्या चाकावर बसलंय, ते मला डोळे मिटूनही समजायचं.

मधल्या वेळेत, कटर चालू असताना, दोर धरून नुसतं उभं राहावं लागतं. उभं राहिलं की माणूस बोलतं. आमच्या लग्नाला उणीपुरी चाळीस वर्षं झाली असतील. त्यातली निम्मी हे श्रीपूरला क्वार्टरमध्ये आणि मी सोलापुरात शाळेपायी. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. गळीत हंगामात तर तेही नाही. आमचं जे काही बोलणं झालं ते पोरांच्या फिया, सासूबाईंची औषधं आणि गॅसची टाकी यांच्यावर. त्या उन्हाळ्यात हे मला कारखान्याबद्दल सांगायला लागले. हंगामात पहिल्यांदा गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, चालू होते तेव्हा छातीत कसं हलतं. ऊसतोडीच्या बैलगाड्या पहाटे रांगेत उभ्या असतात तेव्हा सगळ्या बैलांच्या तोंडातून वाफ कशी निघते. मी यांना आमच्या शाळेतल्या पोरींबद्दल सांगितलं. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, वर्गात मराठी आणि मार खाताना तिन्ही भाषांत रडणाऱ्या पोरी. हे मशीन बंद करून ऐकत राहिले. चाळीस वर्षांत यांनी माझं म्हणणं ऐकायला काही बंद केल्याचं मला आठवत नाही. रेडिओसुद्धा नाही.

मला ते आवडायला लागलं होतं. दुपारची झोप गेली, तळहाताला घट्टे पडले, ब्लाउज घामानं पाठीला चिकटायचा, आणि तरी जेवण झालं की मी पदर खोचून शेडकडं बघायची. असं असूनही मला पुण्याला जायचं होतंच. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. माणसाच्या मनात एवढी जागा असते.

अक्षय्य तृतीया झाली असेल. अक्कलकोट रोडवरच्या एका वर्कशॉपचा माणूस मशीन बघायला आला. महेशनं कुणाकडून तरी पाठवला होता. चाळिशीतला, बोलका, डोळ्यांवर गॉगल. आम्ही कामात होतो. हे चाकाशी, मी दोराशी. तो दारात उभा राहून बघत राहिला आणि मोठ्यानं हसला.

"काका, मशीन झकास हाय. पर मावशी बी मशीनसंगट येत्यात काय?"

मीही हसले. चांगला विनोद होता. हे हसले नाहीत. हातातलं कापड घडी करून बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "मशीन विकायचं न्हाय."

"अहो काका, मस्करी केली..."

"व्हय, कळलं मला. पर विकायचं न्हाय."

तो बिचारा ताक पिऊन गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

माझं मात्र डोकं सणकलं. खरंखुरं, माझ्या खांद्यावरचं. एका परक्या माणसाच्या विनोदावर यांनी माझी पुण्याची खोली उडवून लावली, मला एका शब्दानं न विचारता. त्या संध्याकाळी मी भांडी अशी घासली की शेजारच्या लक्ष्मीबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय वो बाई, पाहुणे येणार हैत काय?" मी म्हटलं, "नाही, जाणार होते, ते राहिले."

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच अंबादासकडं गेले. अंबादास म्हणजे लक्ष्मीबाईंचे मालक. त्यांच्या मागच्या खोलीत दोन यंत्रमाग होते. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा त्यांचा खडखडाट दिवसभर चालायचा, आणि तो थांबला की झोपेतून जाग यायची. पोरं नोकरीला लागली, माग भंगारात गेले. पण मागाची वजनं अंबादासनी ठेवून घेतली होती. मागावर सुताचा मोठा रूळ असतो, त्याला मागं ओढून धरायला साखळीनं लोखंडाची वजनं टांगतात. ती नसली तर सूत सैल पडतं आणि चादरीला झोळ येतो. हे मला अंबादासनीच सांगितलं, एकेक वजन उचलून आणताना. एक वजन तर लक्ष्मीबाई दाराला अडसर म्हणून वापरत होत्या. तेही आणलं.

"राहू द्या की एखादं," मी म्हटलं.

"घ्या वो वहिनी. आमच्याकडं आता धरून ठेवायला काय हाय?" असं म्हणून ते हसले. हसताना वजनावरून हात फिरवत होते, ते मी पाहिलं.

मग पुढचे काही दिवस शेडमध्ये माझं काम नव्हतं. आणखी एक कप्पी आली, नायलॉनचा दोर जाऊन तारेचा पीळदार दोर आला. वजनं मशीनच्या मागच्या बाजूला सोडली, ती हेलकावून कुणाच्या पायावर पडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती पाण्याचा जाड पाइप उभा केला. अंबादास वर चढून बांधायचे, हे खालून डाव्या हातानं दाखवायचे. मी चहा द्यायची आणि परत फिरायची. विचारलं तरी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही ते वेगळं.

सगळं बांधून झालं आणि बिघडलं. यांनी डोक्याच्या वजनाइतकीच वजनं टांगली होती, अगदी काटेकोर. चाक फिरवलं की डोकं वर जायचं, हलकंफुलं. पण कटर लोखंडाला लागलं की ते थरथरायला लागायचं. ना धड वर, ना धड खाली. तरंगायचंच म्हणा ना. लोखंडावर नुसत्या लाटा उमटायच्या. हे पट्टी लावून बघायचे, स्क्रू कसायचे, पुन्हा लाटा. अंबादास म्हणाले, अजून एक वजन टाकू. टाकलं, तर पकड सैल करताच डोकं आपणहून वर निघालं. दोघंही म्हातारे दचकून मागं सरले आणि ते वजन परत काढलं. मला मनातून बरं वाटलं. लाटा येऊ देत, म्हटलं. पुण्याची खोली अजून रंगवलेलीच आहे.

चहाचे कप घ्यायला गेले होते. हे कपाळाला हात लावून बसले होते आणि पुटपुटत होते, "दोन्हीकडं बरोबर हाय की. मग ह्याला हाय तरी काय?"

माझ्या वडिलांचं मैंदर्गीच्या बाजारात धान्याचं दुकान होतं. लहानपणी मी पोत्यावर बसून त्यांचा तराजू बघायची. ज्वारी घालत घालत काटा बरोबर मध्ये आला की दुसरा दुकानदार थांबतो. अप्पा थांबायचे नाहीत. वर एक मूठ टाकायचे, पारडं गिऱ्हाइकाकडं झुकायचं आणि तसंच झुकलेलं धरून पिशवीत ओतायचे. आई आतून कन्नडमध्ये ओरडायची, किती घालताय म्हणून. अप्पा म्हणायचे, "इर्लि बिडु." असू दे, सोड. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, काटा सरळ उभा राहिला की तो हलतच राहतो, गिऱ्हाईक बघत राहतं, मला हात काढता येत नाही. एकीकडं झुकला की गप बसतो आणि दोघं मोकळे होतात.

मी कप उचलले. बोलायचं नव्हतं. बोलले तर काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं. मशीन चालणार, हे इथंच राहणार, सान्वी बसला एकटी जाणार. आणि तरी तो कपाळाला लावलेला हात मला बघवेना. वैताग आला आणि तोंडातून निघून गेलं.

"अगदी बरोबर कशाला करताय? थोडं झुकतं माप राहू दे ना त्या हेडमास्तरांना. मी दोर धरायची तेव्हा काय सगळं ओझं माझ्याकडं घेत होते का? थोडं तुमच्या चाकावर ठेवायचीच."

यांनी माझ्याकडं बघितलं. मग अंबादासकडं. अंबादास उठले आणि मागून एक वजन काढलं, दाराच्या अडसराचं, लहान होतं ते. हे चाकाशी गेले. कटर लावलं. आवाज बदलला. तो खडखड आवाज जाऊन एकसारखी घरघर सुरू झाली, आणि मी स्वयंपाकघरात गेले. तो आवाज मला ओळखीचा होता. दोर नीट धरला की तसाच यायचा.

संध्याकाळी अंबादास गेल्यावर यांनी मला हाक मारली. "जरा हिकडं ये की." गेले. यांनी डाव्या हाताची दोन बोटं चाकाच्या मुठीला लावली आणि फिरवली. ते अवजड डोकं वर गेलं. पुन्हा फिरवलं, खाली आलं, जिथं थांबवलं तिथं थांबलं. चार-पाच वेळा केलं. लहान पोरासारखा चेहरा झाला होता. कित्येक महिन्यांनी तो चेहरा बघत होते मी. राग होता, तरी डोळ्यांत पाणी आलं. नाही कशाला म्हणू.

"बघ," हे म्हणाले. "आता दोर धरायला कुणी नगं."

"दिसतंय की मला."

"मग जा आता."

"कुठं जा?"

"पुण्याला. पोरीची शाळा सुरू हुईल. तुझा जीव तितं लागलाय, मला काय म्हाईत न्हाय व्हय?"

"आणि तुम्ही?"

"मी तितं काय करू? गॅलरीत बसून लिफ्टची उघडझाप बघू? मी हितं बरा हाय. डबा लावतो. अंबादास हाय शेजारी. महेशशी बोललोय मी."

"म्हणजे हे एवढं सगळं..."

"मग कशासाठी? त्यो माणूस हसला त्या दिवशी. बरोबर हसला त्यो. मी बघितलं, तुझ्या हातात दोर हाय का तुलाच दोरानं बांधलीय. म्हटलं, हे काय खरं न्हाय."

त्यांना वाटलं मी खूश होईन. व्हायला पाहिजे होतं. फेब्रुवारीपासून मी हेच ऐकायला कान टवकारून बसले होते. खोली रंगवलेली, नात वाट बघतेय, नवरा आपल्या तोंडानं "जा" म्हणतोय, माझ्या सोयीसाठी त्यानं इतके दिवस डोकं शिणवलं. अजून बाईमाणसाला काय पाहिजे? आणि मला त्या क्षणी कळलं की मला "जा" ऐकायचंच नव्हतं. मला "थांब" ऐकायचं होतं. थांब म्हणाले असते तर मी भांडून, रडून, पाय आपटून पुण्याला गेले असते. सुखानं गेले असते.

"बरं," मी म्हटलं. "मग मिरच्या उद्याच कुटून घेते. तुम्हाला वर्षभराचा मसाला लागेल."

या गोष्टीकडं आता लांबून बघते तेव्हा हसू येतं. देठ काढता काढता मी स्वतःशीच हिशेब मांडत बसते, कुणी कुणासाठी काय केलं त्याचा, आणि तो लागत नाही. त्यांनी मला मोकळं केलं, हे खरं. मी बोलले नसते तर ते वजन जमलं नसतं, हेही खरं. माझ्याच तोंडानं मी माझी जागा रिकामी केली. हातातल्या मिरचीचा तिखटपणा डोळ्याला लागतो आणि विचार तिथंच राहतो.

गेले मी. पुण्याची खोली छान होती, फिकट हिरवी. नळाला चोवीस तास पाणी. पहिले काही दिवस मी उगीचच नळ सोडून बघायची. सान्वीला बसपर्यंत सोडायची, ती माझं बोट धरून चालायची आणि बस दिसली की बोट टाकून पळायची. दुपारी सून-मुलगा कामावर, नात शाळेत. जेवण झालं की मी पदर खोचायची. मग कशाला खोचला ते आठवायचं नाही.

रोज फोन करायची. यांचं उत्तर ठरलेलं. "बरा हाय. जेवलो. पाऊस अजून न्हाय, ऊन लई हाय." एके दुपारी फोन उचलला तेव्हा मागं मशीन चालू होतं. ती एकसारखी घरघर मला पुण्यात ऐकू आली. यांनी बंद केलं नाही, त्या आवाजातच बोलले.

"काय करताय?"

"काम चाललंय. रसवंतीवाल्याचं दुसरं चाक."

"जमतंय का एका हातानं?"

"झ्याक जमतंय."

"काही अडतंय का?"

"न्हाय गं. काय बी अडत न्हाय." आवाजात एवढा अभिमान होता. "तू निवांत राहा. हितली काळजीच करू नगंस."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते बरे असावेत म्हणून मी तो उन्हाळा घाम गाळला होता. ते बरे होते. त्यांचं माझ्यावाचून काहीच अडत नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी उठून माळ्यावरची बॅग खाली काढली.

महेश कामावरून आला तेव्हा मी बॅग भरून सोफ्यावर बसले होते. "उद्याच्या गाडीचं तिकीट काढ," म्हटलं.

तो घाबरला. "का गं आई? बाबांना बरं नाही का?"

"चांगले ठणठणीत आहेत रे," मी म्हटलं. "म्हणून तर जायचंय."